अमेरिकेचा अध्यक्ष नेमका कोण निवडतो? इलेक्टोरल कॉलेज आणि देशव्यापी जनमत यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत देशभर सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार आजवर पाच वेळा अध्यक्षपदापासून वंचित राहिला आहे: 1824, 1876, 1888, 2000 आणि 2016. त्यामुळे ही पद्धत टिकवावी की अध्यक्षाची निवड थेट जनमताने करावी, हा वाद तेथे दर चार वर्षांनी नव्याने पेटतो. पुढील उत्तरांत दोन्ही बाजूंचे म्हणणे दिले आहे. मात्र ज्याची सत्ता सगळ्या देशावर चालते त्याच्या निवडीत प्रत्येक नागरिकाच्या मताचे वजन सारखे असावे, असे आमचे मत आहे आणि ते आम्ही लपवलेले नाही.

इलेक्टोरल कॉलेज म्हणजे काय आणि 538 हा आकडा कसा येतो?

नोव्हेंबरमध्ये अमेरिकी मतदार उमेदवाराच्या नावापुढे खूण करतो, पण कायद्याच्या दृष्टीने तो आपल्या राज्यातील निर्वाचकांची, म्हणजे अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणाऱ्या प्रतिनिधींची, निवड करत असतो. या निर्वाचकांच्या समूहालाच इलेक्टोरल कॉलेज म्हणतात. प्रत्येक राज्याला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहातील त्याच्या जागा आणि सिनेटमधील दोन जागा यांच्या बेरजेइतके निर्वाचक मिळतात. प्रतिनिधिगृहाचे 435, सिनेटचे 100 आणि 1961 मधील तेविसाव्या घटनादुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टनला मिळालेले 3, असे एकूण 538 निर्वाचक होतात आणि विजयासाठी 270 लागतात. हे निर्वाचक डिसेंबरमध्ये आपापल्या राज्यात जमून मतदान करतात. सगळे एका ठिकाणी कधीच एकत्र येत नाहीत. त्या मतांची मोजणी 6 जानेवारीला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत होते. पोर्तो रिको, ग्वाम यांसारख्या प्रदेशांतील रहिवासी अमेरिकेचे नागरिक असूनही त्यांना एकही निर्वाचक नाही.

घटनाकारांनी 1787 मध्ये थेट मतदानाचा मार्ग का नाकारला?

फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी थेट लोकांकडून निवडणुकीची कल्पना मांडली होती. तिला विरोध अनेक कारणांनी झाला. एवढ्या पसरलेल्या देशात दूरच्या राज्यातील उमेदवाराची पारख सामान्य मतदाराला कशी होणार, अशी शंका काहींना होती. काँग्रेसने अध्यक्ष निवडला तर तो तिच्या ओंजळीने पाणी पिईल, अशी भीती इतरांना होती. आणि मोठ्या राज्यांच्या वर्चस्वाची धास्ती लहान राज्यांना होती.

चौथे कारण गुलामगिरीचे होते, आणि ते झाकून हा इतिहास सांगता येत नाही. व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन यांनी 19 जुलै 1787 रोजी परिषदेत स्पष्टपणे मांडले की लोकांनी थेट निवड करणे तत्त्वतः योग्य असले, तरी मताधिकार उत्तरेत अधिक पसरलेला आहे आणि गुलामांच्या संख्येमुळे दक्षिणेला अशा निवडणुकीत प्रभाव राहणार नाही. निर्वाचकांच्या पद्धतीने ही अडचण दूर झाली, कारण प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश या प्रमाणात धरली जात होती आणि निर्वाचकांची संख्या त्या जागांवरूनच ठरत होती. परिणाम लगेच दिसला. 1790 च्या जनगणनेत पेनसिल्व्हेनियाची स्वतंत्र लोकसंख्या व्हर्जिनियाहून थोडीच कमी होती. तरीही 1792 च्या निवडणुकीत व्हर्जिनियाकडे 21 निर्वाचक होते, तर पेनसिल्व्हेनियाकडे 15. पहिल्या छत्तीस वर्षांपैकी बत्तीस वर्षे अध्यक्षपद व्हर्जिनियाच्या व्यक्तीकडे राहिले, त्यामागे या गणिताचा मोठा वाटा आहे.

राज्यात एका मताने जिंकणाऱ्याला सगळे निर्वाचक मिळतात, हा नियम घटनेतच आहे का?

नाही. या वादात सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्याबाबत आढळतो. घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात एवढेच म्हटले आहे की प्रत्येक राज्याने आपले निर्वाचक आपल्या विधिमंडळाने ठरवलेल्या रीतीने नेमावेत. सुरुवातीच्या निवडणुकांत काही राज्यांत विधिमंडळच निर्वाचक निवडत असे, काही राज्यांत ते जिल्हावार निवडले जात, तर काही ठिकाणी संपूर्ण राज्याचे एकत्र मतदान होई. पण ज्या पक्षाचे एखाद्या राज्यावर वर्चस्व असे, त्याला आपल्या निर्वाचकांची विभागणी होऊ देणे तोट्याचे वाटू लागले. 1800 च्या निवडणुकीपूर्वी व्हर्जिनियाने जिल्हावार पद्धत सोडून सर्व निर्वाचक विजेत्याला देण्याची पद्धत स्वीकारली, ती आपले उमेदवार थॉमस जेफर्सन यांना पूर्ण संख्या मिळावी म्हणूनच. एकाने हे केल्यावर इतरांना मागे राहणे परवडेना. 1836 पर्यंत दक्षिण कॅरोलिना वगळता सर्व राज्ये याच वाटेला लागली होती. दक्षिण कॅरोलिनात 1860 पर्यंत विधिमंडळच निर्वाचक निवडत राहिले. आज फक्त मेन (1972 पासून) आणि नेब्रास्का (1992 पासून) ही दोन राज्ये काही निर्वाचक काँग्रेसच्या मतदारसंघांनुसार देतात.

घटनाकारांनी विचारपूर्वक रचलेली व्यवस्था म्हणून जिचा गौरव होतो, तिचा सर्वांत परिणामकारक भाग असा राज्याराज्यांच्या पक्षीय चढाओढीतून आला आहे. तो बदलण्यासाठी राज्याचा साधा कायदाही पुरतो.

लहान राज्यांना खरोखरच फायदा होतो का?

कागदावर होतो. 2020 च्या जनगणनेनुसार वायोमिंगची लोकसंख्या सुमारे 5.77 लाख आणि निर्वाचक 3, म्हणजे एका निर्वाचकामागे सुमारे 1.92 लाख लोक. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे 3.95 कोटी आणि निर्वाचक 54, म्हणजे एकामागे सुमारे 7.3 लाख. हा फरक जवळपास चौपट आहे आणि तो प्रत्येक राज्याला सिनेटच्या दोन जागांपोटी मिळणाऱ्या दोन निर्वाचकांमुळे पडतो.

मात्र निकाल याच फरकाने उलटतात, असे सरसकट म्हणणे चूक आहे. प्रत्येक राज्याचे आणि राजधानीचे हे दोन जादा निर्वाचक वजा करून पाहावे. 2000 मध्ये जॉर्ज बुश यांनी 30 राज्ये जिंकून 271 निर्वाचक मिळवले होते आणि अल गोर यांच्या वाट्याला 267 आले होते (त्यांपैकी राजधानीच्या एका निर्वाचकाने पुढे मत दिले नाही). वजाबाकीनंतर बुश 211 वर येतात आणि गोर 225 वर, म्हणजे निकाल बदलतो. 2016 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनीही 30 राज्ये जिंकली होती आणि नोव्हेंबरचा निकाल 306 विरुद्ध 232 असा होता. तीच वजाबाकी केल्यास ट्रम्प 246 आणि हिलरी क्लिंटन 190 राहतात, निकाल तोच. हिलरी क्लिंटन यांना देशभर सुमारे 28.7 लाख मते अधिक मिळूनही पराभव झाला, कारण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून त्या सुमारे 78 हजार मतांनी मागे पडल्या आणि त्या राज्यांचे सर्व निर्वाचक ट्रम्प यांना गेले. 2000 चा उलटा निकाल लहान राज्यांच्या जादा वजनामुळे लागला आणि 2016 चा विजेत्याला सर्व काही देण्याच्या नियमामुळे. हे दोन दोष वेगळे आहेत आणि वादविवादात ते सतत एकमेकांत मिसळले जातात.

प्रचाराच्या दृष्टीने तर लहान राज्यांना या वजनाचा उपयोग नगण्य आहे. प्रत्येकी तीन निर्वाचकांच्या वायोमिंग, व्हरमाँट, अलास्का, डेलावेअर, उत्तर डकोटा आणि दक्षिण डकोटा या सहाही राज्यांचा निकाल आधीच गृहीत धरलेला असतो, म्हणून उमेदवार तेथे फिरकत नाहीत. 2024 मध्ये सारे लक्ष पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, उत्तर कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा या सात राज्यांवर होते, आणि त्यांतील बहुतेक लहान नाहीत.

ही पद्धत रिपब्लिकन पक्षाच्या सोयीची आहे का?

अलीकडच्या दोन उलट्या निकालांमुळे तसे वाटते, पण हा पद्धतीचा कायमचा गुण नाही. 2004 मध्ये बुश देशभर सुमारे 30 लाख मतांनी पुढे होते. तरीही ओहायोत सुमारे 60 हजार मतदारांनी बाजू बदलली असती, तर डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी अध्यक्ष झाले असते. 2020 मध्ये जो बायडेन सुमारे 70 लाख मतांनी पुढे असूनही ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील मिळून सुमारे 43 हजारांची आघाडी त्यांच्यासाठी निर्णायक ठरली. 2024 मध्ये मात्र ट्रम्प यांनी 312 निर्वाचकांबरोबर देशव्यापी मतांतही सुमारे दीड टक्क्याची आघाडी घेतली, त्यामुळे त्या वर्षी दोन्ही पद्धतींचा विजेता एकच होता.

रिपब्लिकन मतदारही या नियमात भरडला जातो, हे विसरू नये. 2020 मध्ये ट्रम्प यांना कॅलिफोर्नियात सुमारे 60 लाख मते मिळाली. टेक्साससारख्या त्यांच्या बालेकिल्ल्यातही त्यांना इतकी मते नव्हती. तरी कॅलिफोर्नियातील त्या साठ लाखांमागे एकही निर्वाचक उभा राहिला नाही.

इलेक्टोरल कॉलेजच्या समर्थकांचे सर्वांत सबळ मुद्दे कोणते?

पहिला मुद्दा संघराज्याचा आहे. अमेरिका ही राज्यांनी एकत्र येऊन घडवलेली व्यवस्था आहे आणि एका प्रदेशातील प्रचंड आघाडीवर कोणी अध्यक्ष होऊ नये, तर विविध राज्यांत पाठिंबा उभा करावा, अशी त्यामागची अपेक्षा आहे. हा युक्तिवाद आदराने ऐकावा असा आहे, परंतु 1888 चे उदाहरण त्याच्या समर्थनार्थ फार पुढे नेता येत नाही. त्या वर्षी ग्रोव्हर क्लीव्हलँड यांची आघाडी दक्षिणेत एकवटली होती आणि बेंजामिन हॅरिसन 233 विरुद्ध 168 निर्वाचकांनी जिंकले, हे खरे. पण हॅरिसन यांचा पाठिंबाही प्रामुख्याने उत्तरेत आणि पश्चिमेतच होता.

दुसरा मुद्दा फेरमोजणीचा आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत वजनदार आहे. 2000 मध्ये फ्लोरिडातील 537 मतांच्या फरकाने देश पाच आठवडे खोळंबला आणि निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण निदान तो वाद एका राज्यापुरता राहिला. 1960 मध्ये जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांच्यातील देशव्यापी अंतर केवळ सुमारे 1.13 लाख मतांचे होते. थेट जनमताची पद्धत असती, तर अशा वेळी देशातील प्रत्येक मतपेटी वादग्रस्त झाली असती. अमेरिकेत मतदारनोंदणी, ओळखपत्रे, टपाली मतदान आणि फेरमोजणी यांचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. देशभराची मते एकाच बेरजेत मिळवायची तर ते नियम बऱ्याच अंशी एकसारखे करावे लागतील आणि ही तयारी न करता केलेला बदल धोक्याचा ठरेल. अर्थात मतांचा साठा जितका मोठा, तितके अंतर अगदी थोडे राहण्याची शक्यता कमी होते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

तिसरा मुद्दा असा की निर्वाचकांमुळे विजेत्याला स्पष्ट बहुमत दिसते. 1992 मध्ये बिल क्लिंटन यांना मतांपैकी सुमारे 43 टक्केच वाटा मिळाला होता, परंतु निर्वाचक 370 होते. थेट जनमतात साधी आघाडी पुरेशी मानली, तर चाळीस टक्क्यांहून कमी मतांवरही कोणी निवडून येऊ शकेल. या शंकेला उत्तर आहे: फ्रान्समध्ये कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. बदल करायचाच असेल तर तो दुसऱ्या फेरीसह करावा, असे आम्हाला वाटते.

थेट जनमत आले तर मोठी शहरेच अध्यक्ष ठरवतील का?

आकडे तसे सांगत नाहीत. न्यू यॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, ह्यूस्टन आणि फिनिक्स या पाच सर्वांत मोठ्या शहरांची एकत्रित लोकसंख्या 2020 मध्ये 2 कोटींहून कमी होती, म्हणजे देशाच्या सुमारे सहा टक्के. शिवाय ही शहरे एकगठ्ठा मत देत नाहीत.

मेन आणि नेब्रास्काप्रमाणे मतदारसंघनिहाय वाटप केले तर प्रश्न सुटेल का?

उलट तो अधिक बिकट होईल. 2012 मध्ये बराक ओबामा देशभर सुमारे 50 लाख मतांनी पुढे होते आणि त्यांनी 332 निर्वाचक मिळवले. सर्व राज्यांत नेब्रास्काची पद्धत असती, तर मिट रोमनी 274 विरुद्ध 264 असे विजयी झाले असते. काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमा बहुतेक राज्यांत विधिमंडळातील सत्ताधारी पक्ष आखतात, आणि त्या सीमांवर अध्यक्षपदही टांगून ठेवल्यास सीमा आपल्या सोयीने वळवण्याचा मोह कित्येक पटींनी वाढेल.

निर्वाचक स्वतःच्या मर्जीने मत देऊ शकतो का?

राज्याने बंधन घातले असेल तर नाही. 2016 मध्ये सात निर्वाचकांनी आपल्या पक्षाच्या उमेदवाराला सोडून इतरांना मते दिली. त्यानंतर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की दिलेला शब्द मोडणाऱ्या निर्वाचकाला दंड करण्याचा किंवा त्याला बदलण्याचा अधिकार राज्याला आहे. मोजणीच्या बैठकीचे अध्यक्षस्थान सांभाळणाऱ्या उपाध्यक्षाला स्वतःहून काही नाकारता येईल का, हा 6 जानेवारी 2021 च्या संसदभवनावरील हल्ल्याच्या वेळी उफाळलेला वाद 2022 च्या कायद्याने मिटवला: उपाध्यक्षाची भूमिका निव्वळ औपचारिक आहे, आणि आक्षेप घेण्यासाठी दोन्ही सभागृहांच्या प्रत्येकी एक-पंचमांश सदस्यांची संमती लागते.

कोणालाच 270 मिळाले नाहीत तर काय होते?

मग अध्यक्षाची निवड प्रतिनिधिगृह करते, पण तेथे प्रत्येक सदस्याला नव्हे, तर प्रत्येक राज्याला एक मत असते आणि 26 राज्यांचा पाठिंबा लागतो. उपाध्यक्षाची निवड सिनेट करते. संपूर्ण व्यवस्थेतील ही सर्वांत विषम तरतूद आहे. बेळगाव जिल्ह्यात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार 2023 पासून मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर आहेत; अशा निवडणुकीत ते आणि मिशिगनचे इतर बारा सदस्य मिळून एक मत ठरवतील, आणि वायोमिंगचा एकटा सदस्य तितक्याच वजनाचे एक मत देईल. 1824 मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांच्याकडे 99 आणि जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्याकडे 84 निर्वाचक असूनही प्रतिनिधिगृहाने ॲडम्स यांना निवडले. त्या वेळी 24 पैकी 6 राज्यांत जनतेचे मतदानच झाले नव्हते, त्यामुळे त्या वर्षीच्या जनमताच्या आकड्यांचा अर्थ जपून लावावा लागतो.

घटनादुरुस्तीचे प्रयत्न झाले नाहीत का?

झाले, आणि एकदा ते यशाच्या अगदी जवळ पोहोचले होते. 1968 मध्ये वंशभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेत 46 निर्वाचक मिळवले आणि एखादा तिसरा उमेदवार सौदेबाजीने निकाल ठरवू शकतो, याची जाणीव दोन्ही पक्षांना झाली. इंडियानाचे सिनेटर बर्च बाय यांनी थेट जनमताची दुरुस्ती पुढे रेटली. तीत किमान 40 टक्के मतांची अट होती आणि तितकी कोणालाच न मिळाल्यास दुसऱ्या फेरीची तरतूद होती. सप्टेंबर 1969 मध्ये प्रतिनिधिगृहाने ती 338 विरुद्ध 70 अशा प्रचंड बहुमताने संमत केली आणि अध्यक्ष निक्सन यांनीही पाठिंबा दिला. परंतु 1970 मध्ये सिनेटमध्ये स्ट्रॉम थरमंड, सॅम एर्विन आदी दक्षिणी सदस्यांनी चर्चा लांबवत नेली. ती थांबवण्याच्या ठरावाला 54 मते मिळाली, विरोधात 36 पडली, आणि आवश्यक दोन-तृतीयांश न मिळाल्याने प्रस्ताव तेथेच संपला. 1979 मध्ये पुन्हा मतदान झाले तेव्हा 51 विरुद्ध 48 अशी मते पडली, जी 67 च्या खूप मागे होती. त्या वेळच्या विरोधकांत काही कृष्णवर्णीय आणि ज्यू संघटनांचे नेतेही होते, कारण मोठ्या अटीतटीच्या राज्यांत आपल्या समाजाच्या मतांना असलेले महत्त्व कमी होईल, असे त्यांना वाटत होते.

दोन्ही सभागृहांचे दोन-तृतीयांश बहुमत आणि 38 राज्यांची मान्यता ही अट आजच्या पक्षीय वातावरणात पूर्ण होण्याची चिन्हे नाहीत.

राज्यांचा आपसातील करार हा पर्याय काय आहे?

करारात सामील होणारे राज्य असा कायदा करते की आपले सर्व निर्वाचक देशव्यापी जनमतात पुढे असलेल्या उमेदवाराला दिले जातील. मात्र सामील राज्यांचे निर्वाचक 270 होईपर्यंत तो कायदा अमलात येत नाही. 2007 मध्ये मेरीलँडने सुरुवात केली आणि 2024 मध्ये मेनने प्रवेश केला तेव्हा 17 राज्ये आणि राजधानी मिळून 209 निर्वाचक झाले होते. तोवर सामील झालेली सर्व राज्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेली होती, हे या मोहिमेचे दुबळेपण आहे. घटनेनुसार राज्यांच्या परस्पर करारांना काँग्रेसची संमती लागते का, हा प्रश्नही न्यायालयात जाणारच. तसेच एखाद्या राज्याने निवडणुकीनंतर अंग काढून घेतले तर काय, याची धास्ती राहील. आमच्या दृष्टीने घटनादुरुस्ती हा अधिक भक्कम मार्ग आहे; पण तो बंद असताना, घटनेने राज्यांना दिलेला अधिकारच वापरून पुढे जाणारा हा प्रयत्न गैर म्हणता येत नाही.

भारताच्या राष्ट्रपतींची निवडही अशाच पद्धतीने होते ना?

साम्य वरवरचे आहे. आपल्याकडे संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मतदान करतात आणि आमदाराच्या मताचे मूल्य 1971 च्या लोकसंख्येवरून ठरते: उत्तर प्रदेशात 208, महाराष्ट्रात 175, गोव्यात 20, सिक्कीममध्ये 7. लहान राज्याला त्यात जादा वजन नाही, आणि एकाच राज्यातील आमदारांची मते वेगवेगळ्या उमेदवारांना जाऊ शकतात. शिवाय आपल्या राष्ट्रपतींकडे अमेरिकी अध्यक्षाप्रमाणे कारभाराची प्रत्यक्ष सत्ता नसते. तुलना करायचीच तर आपल्या मतदारसंघनिहाय निकालांशी करावी. 2018 मध्ये कर्नाटकात काँग्रेसला सुमारे 38 टक्के मतांवर 80 जागा मिळाल्या, तर भाजपला सुमारे 36 टक्के मतांवर 104. मात्र तेथे निवडले जाते ते अनेक सदस्यांचे सभागृह, ज्यात दुसऱ्या बाजूचा आवाज उरतो. अध्यक्षपद एकच असते आणि ते वाटून घेता येत नाही.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मतदाराच्या मताला मग अर्थ उरतो का?

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्यांनाच हा मताधिकार आहे, हे आधी स्पष्ट करू. ही दोन्ही राज्ये 1988 नंतर एकदाही रिपब्लिकन उमेदवाराकडे गेलेली नाहीत आणि टेक्सास 1976 नंतर डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेलेले नाही, त्यामुळे अध्यक्षपदापुरते बोलायचे तर न्यू जर्सीतील एडिसनच्या मतदारापेक्षा पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फियाच्या मतदाराच्या मताला आज कितीतरी अधिक किंमत आहे. परंतु त्याच मतपत्रिकेवर प्रतिनिधिगृहाचे आणि अनेकदा सिनेटचे, राज्य विधिमंडळाचे व शाळामंडळाचेही उमेदवार असतात आणि तेथे थोड्या मतांनी निकाल फिरतात. निर्वाचक कसे नेमायचे हे राज्याचे विधिमंडळ ठरवते. न्यू जर्सी 2008 पासून आणि कॅलिफोर्निया 2011 पासून वर सांगितलेल्या करारात आहे. टेक्सास, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगन 2024 च्या निवडणुकीपर्यंत त्यात नव्हते. त्या राज्यांतील मराठी मतदारांनी या विषयावरील आपले मत, ते कोणत्याही बाजूचे असो, आपल्या भागातील विधिमंडळ सदस्याला लेखी कळवावे आणि त्याची भूमिका लेखी मागावी.